कर्जदारांचा खेळ आणि प्रेक्षकांचा वाद

भिलाईतील कोहका ही वस्ती कलाविषयक वादांसाठी कोणाला ठाऊक असण्याचे कारण नाही. पोलाद कारखान्याच्या आखीव सेक्टरांपासून दूर, सुपेल्याच्या बाजूला वाढलेल्या या भागात निवृत्तीनंतर स्वतःचे घर बांधून राहिलेली अनेक कुटुंबे आहेत. त्यांपैकी गोंदियाकडून आलेल्या एका मराठी घरात २०२५ च्या पावसाळ्यात एक वाद पेटला व पुढे कित्येक दिवस धुमसत राहिला. निमित्त होते ‘स्क्विड गेम’ या कोरियन मालिकेचे. तिचे तिसरे व अखेरचे पर्व २७ जून २०२५ रोजी प्रदर्शित झाले. वाणिज्य शाखेत शिकणाऱ्या नातवाने त्यानिमित्त पहिल्या पर्वापासूनचे सर्व भाग पुन्हा लावले आणि घरातल्या एकुलत्या एका मोठ्या पडद्यामुळे ते सर्वांनाच पाहावे लागले.

आजोबांचे मत पहिल्याच भागात निश्चित झाले. “माणसं किड्यामुंग्यांसारखी मरतात, आणि याला तुम्ही करमणूक म्हणता?” सूनबाईंचे म्हणणे असे की, वर्षानुवर्षे चालणाऱ्या सासू-सुनांच्या मालिकांपेक्षा नऊ भागांत संपणारी गोष्ट केव्हाही बरी. नातवाच्या लेखी तर ही मालिका म्हणजे अर्थशास्त्राचा उत्तम धडा होता. तिघांचीही बाजू समजण्यासारखी आहे. मात्र तिघांच्याही बोलण्यात आरंभी जी गोष्ट आली नाही, तीच या मालिकेच्या गुणदोषांचा निवाडा करताना प्रथम यावयास हवी. ती गोष्ट म्हणजे कर्ज.

ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी कथेचा गोषवारा असा. गळ्यापर्यंत कर्जात बुडालेली ४५६ माणसे एका अज्ञात बेटावर आणली जातात. त्यांना लहानपणीचे सहा खेळ खेळावयाचे असतात. जिंकणाऱ्यास ४५.६ अब्ज वॉन, म्हणजे तेव्हाच्या दराने पावणेतीनशे कोटी रुपयांहून अधिक रक्कम मिळणार असते. हरणाऱ्याचा जीव जातो. प्रत्येक जिवाची किंमत १० कोटी वॉन अशी ठरलेली आणि माणूस मेला की तेवढी रक्कम छताला टांगलेल्या काचेच्या गोलात जमा होते. १७ सप्टेंबर २०२१ रोजी पहिले पर्व आले आणि पहिल्या चार आठवड्यांतच जगभरातील १४ कोटींहून अधिक घरांत ते पाहिले गेले. दिग्दर्शक ह्वांग डोंग-ह्योक आणि नायकाची भूमिका करणारे ली जंग-जे या दोघांना २०२२ मध्ये अमेरिकेतील एमी पुरस्कार मिळाले.

मालिकेवरील आक्षेप परिचयाचे आहेत. एक रक्तपाताचा. दुसरा उसनवारीचा: जीवघेण्या खेळांची कल्पना जपानी चित्रपटांत आधीच येऊन गेली होती, आणि ‘लक’ या २००९ च्या हिंदी चित्रपटाच्या दिग्दर्शकाने तर २०२४ मध्ये अमेरिकेतील न्यायालयात तसा दावाही दाखल केला, निर्मात्यांनी तो आरोप नाकारला. या दुसऱ्या आक्षेपात प्रेक्षकाने फार अडकू नये. खेळ कोणाचेच नसतात. गोट्यांना छत्तीसगडीत ‘बांटी’ म्हणतात आणि २०२२ मध्ये राज्य शासनाने भरविलेल्या ‘छत्तीसगढिया ऑलिंपिक’मध्ये बांटी, भौंरा आणि गिल्ली-दांड्याबरोबर तिलाही स्थान होते. कोहक्याच्या गल्लीत खेळली जाणारी बांटी आणि मालिकेच्या सहाव्या भागातील गोट्या यांत नियमांचा फारसा फरक नाही. फरक आहे तो खेळणाऱ्यांच्या खिशात दडलेल्या थकबाकीचा.

रक्तपाताचा आक्षेप मात्र खरा आहे आणि लहान मुलांना ही मालिका दाखवू नये, याविषयी दुमत नसावे. तरीही तिचा सर्वांत भयंकर प्रसंग रक्ताचा नाही. तो मतदानाचा आहे. पहिल्या खेळात २५५ माणसे ठार होतात, २०१ उरतात. करारात एक कलम असते की, बहुमताने ठरल्यास खेळ थांबविता येईल. मतदान होते. १०० विरुद्ध १०० अशी बरोबरी होते आणि एका वृद्धाच्या शेवटच्या मताने सर्वांची सुटका होते. माणसे घरी जातात. घरी काय असते? सावकाराचे दूरध्वनी, आजारी आई, थकलेले भाडे. काही दिवसांनी या २०१ पैकी १८७ जण आपण होऊन बेटावर परततात.

या आकड्यावरून घरात जुंपली. नातू म्हणाला, “कोणी बळजबरी केली नव्हती. ते स्वतःच्या पायांनी परत आले.” त्यावर सूनबाईंनी विचारले, “पर्याय होता का त्यांना?” कर्जविभागात काम केलेल्या कोणालाही हा प्रश्न नवा नाही. कर्जदाराची सही ही कायद्याच्या दृष्टीने संमती असते. परंतु ती सही करणाऱ्या हाताला दुसरीकडून कोण ओढत होते, हे कागदावर कधीच उमटत नाही. मालिकेने हे अंतर दाखविले, हा तिचा पहिला गुण. तिचा दोषही येथेच आहे. बाहेरच्या जगात परतलेल्या माणसांची फरपट एका भागात आटोपली जाते आणि खेळांना मात्र उरलेले सारे भाग मिळतात. हे प्रमाण उलट असते तर आजोबांचा आक्षेप बहुधा उरला नसता. अर्थात, मग मालिका एवढ्या घरांत पाहिलीही गेली नसती.

नायक सोंग गी-हुन हा मोटार कारखान्यातून कमी केलेला कामगार. त्यानंतर त्याने खाद्यपदार्थांचा व्यवसाय केला, तोही बुडाला. ही केवळ कल्पना नव्हे. कोरियातील सँगयाँग मोटर कंपनीत २००९ मध्ये मोठी कामगारकपात जाहीर झाली आणि प्योंगटेक येथील कारखान्याचा ताबा घेऊन कामगारांनी ७७ दिवस संप केला. गी-हुनची पार्श्वभूमी त्या घटनेवरून सुचल्याचे दिग्दर्शकांनी सांगितले आहे. हीच कंपनी पुढे २०११ मध्ये मुंबईच्या महिंद्र समूहाने घेतली आणि कोरोनाच्या वर्षात, डिसेंबर २०२० मध्ये, तिला पुन्हा न्यायालयाकडे संरक्षण मागावे लागले. तेव्हा ही कथा मराठी प्रेक्षकास वाटते तितकी परदेशातील नाही.

भिलाईकरांना तर ती मुळीच परकी वाटू नये. भिलाईची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. कोरियाच्या पोहांग येथील पोलाद कंपनी स्थापन झाली ती १९६८ मध्ये आणि तिचा पहिला टप्पा पूर्ण झाला १९७३ मध्ये. दोन्ही ठिकाणी एका पिढीने कारखान्याच्या भोंग्यावर घड्याळ लावले आणि कायम नोकरीच्या आधारावर घर, लग्न, मुलांचे शिक्षण उभे केले. भिलाईत कारखान्याची पगारचिठ्ठी हेच तारण मानले जाई. ती चिठ्ठी हातात असणाऱ्यांची संख्या आज पूर्वीच्या मानाने फार कमी झाली आहे. तेच काम आता बऱ्याच अंशी कंत्राटी हात करतात. कोरियात १९९७ च्या आर्थिक संकटानंतर असेच झाले. त्या संकटात साध्यासुध्या नागरिकांनी अंगठ्या व दागिने देऊन दोनशे टनांहून अधिक सोने देशासाठी गोळा केले. पण पुढे खप वाढावा म्हणून क्रेडिट कार्डांना सरकारी उत्तेजन मिळाले आणि २००३ पर्यंत लक्षावधी कार्डधारक थकबाकीदार झाले. सोने देणारी आणि कार्डावर बुडालेली माणसे एकाच देशातील, कदाचित एकाच घरातीलही. दिग्दर्शकांनी ही कथा २००८-०९ च्या सुमारास लिहावयास घेतली तेव्हा ते स्वतः अडचणीत होते. पैशांसाठी त्यांना आपला लॅपटॉप विकावा लागला होता. मालिकेतील कर्जाचे तपशील इतके अचूक का, याचे उत्तर येथे मिळते.

आणि तपशील खरोखर अचूक आहेत. गी-हुन आईचे कार्ड चोरून यंत्रातून पैसे काढतो. आईच्या पायाला मधुमेहाने जखम होते, ती रुग्णालयात राहावयास तयार नसते, कारण तिचा विमा मुलाने केव्हाच मोडून खाल्लेला असतो. त्याचा बालमित्र चो सांग-वू हा सोल विद्यापीठातून वाणिज्याची पदवी घेतलेला, आळीचा अभिमान. त्याने ग्राहकांचा पैसा वायदेबाजारात घालवलेला असतो आणि म्हाताऱ्या आईचे मासळीचे दुकान व राहते घर तारण ठेवलेले असते. तिला याचा पत्ताही नसतो. ती येणाऱ्या-जाणाऱ्याला मुलाची थोरवी सांगत मासळी विकत राहते. अली या पाकिस्तानी मजुराची भूमिका दिल्लीच्या अनुपम त्रिपाठी यांनी केली आहे. अली सांग-वूवर विश्वास ठेवतो आणि सांग-वू त्याच्या गोट्या काढून घेऊन पिशवीत खडे भरून देतो. सुशिक्षिताने अशिक्षिताची केलेली ही फसवणूक बंदुकीच्या गोळीपेक्षा अधिक खोल जाते.

मासळीवालीच्या प्रसंगी कोहक्यातील आजोबा उठून जाण्याचे विसरले. पुष्कळ वर्षांपूर्वी एका सहकाऱ्याच्या कर्जाला ते जामीन राहिले होते. सहकारी नोकरी सोडून गावी निघून गेला आणि हप्ते आजोबांच्या पगारातून कापले जाऊ लागले. सूनबाईंना हे ठाऊक नव्हते. नातवाला तर नाहीच. “सही करताना त्यानं मला चहा पाजला होता,” एवढेच ते म्हणाले. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ नुसार, करारात वेगळे काही ठरले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. पुष्कळ जामीनदारांना हे कलम पहिली नोटीस आल्यावरच कळते. त्या रात्रीनंतर आजोबांनी मालिकेला नावे ठेवणे सोडले नाही, पण पाहणेही सोडले नाही.

येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. मालिकेचे पहिले पर्व जगभर गाजत होते त्याच सुमारास, नोव्हेंबर २०२१ मध्ये, रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाचा डिजिटल कर्जांवरील अहवाल प्रसिद्ध झाला. भारतात कर्ज देणारी सुमारे ११०० मोबाइल ॲप त्या गटाला आढळली आणि त्यांतील सुमारे ६०० बेकायदा होती. काही मिनिटांत मिळणारे काही हजार रुपये, त्यावरील अवाच्या सवा व्याज आणि हप्ता चुकताच कर्जदाराच्या नातेवाइकांना व मित्रांना जाणारे धमकीचे दूरध्वनी, हा प्रकार कोणा कोरियन लेखकाने कल्पिलेला नाही. सप्टेंबर २०२२ च्या नियमांनी कर्जाची एकूण वार्षिक किंमत आधी सांगणे बंधनकारक केले, मोबाइलमधील संपर्कयादीत शिरण्यास मनाई केली आणि कर्ज घेतल्यावर ठरावीक मुदतीत, दंड न भरता, मुद्दल व तेवढ्या काळाचा आकार परत करून बाहेर पडण्याची मुभाही दिली. बेटावरच्या करारातील बहुमताच्या कलमापेक्षा ही मुभा कितीतरी माणुसकीची आहे. ती वापरण्यासाठी शेजाऱ्यांचे मत मागावे लागत नाही. मात्र ती नियमाने चालणाऱ्यांच्या कर्जदारांनाच मिळते आणि पगारचिठ्ठी नसलेला कंत्राटी कामगार अडचणीच्या रात्री नेमका कोणत्या ॲपवर बोट ठेवील, हे सांगता येत नाही. अशा माणसाला बँकेचे दार जड वाटते, ही तक्रार बँकेतील मंडळींनी मनावर घेण्यासारखी आहे.

दुसऱ्या व तिसऱ्या पर्वाविषयी फार लिहिण्यासारखे नाही. तेथे प्रत्येक खेळानंतर मतदान होते, छातीवर वर्तुळाचे किंवा फुलीचे चिन्ह लावून दोन तट पडतात. पहिल्या पर्वात एकदाच घडलेला प्रसंग पुन्हा पुन्हा घडविल्याने बोथट होतो. “हे आपल्या मालिकांसारखंच लांबवायला लागले,” हा सूनबाईंचा अभिप्राय कोणा समीक्षकाने खोडून काढावा असा नाही.

पहिल्या पर्वाच्या शेवटच्या भागातील एका छोट्या प्रसंगावर मात्र अधिक बोलले जावयास हवे होते. त्यात सत्तर-ऐंशी मिनिटांची हाणामारी नाही, फक्त एक बँक आहे. खेळ जिंकून गी-हुन परत येतो तो आई मरण पावलेली असते. वर्षभर तो बक्षिसाच्या रकमेला जवळजवळ हात लावीत नाही. फाटक्या अवस्थेतील या ग्राहकाला बँकेचा व्यवस्थापक आदराने बोलावून घेतो, बसवितो आणि एवढी रक्कम नुसती खात्यात पडू देण्याऐवजी बँकेच्या खास योजनांत गुंतवावी, असे सुचवितो. याच माणसावर कधी काळी बँकेचे २५.५ कोटी वॉन आणि सावकारांचे १६ कोटी वॉन थकलेले होते. तेव्हा त्याला असे कोणी बसविले नसणार. व्यवस्थापकाचे बोलणे ऐकून घेतल्यावर गी-हुन एवढेच विचारतो की, दहा हजार वॉन उसने मिळतील का? म्हणजे सहाशे रुपयांच्या आसपास.

नातवाच्या मते व्यवस्थापकाचे काहीच चुकले नव्हते. खात्यात पडून राहिलेल्या पैशाविषयी ग्राहकाला सांगणे हे त्याचे कामच होते. सूनबाईंना तो मनुष्य पहिल्या भागातील गुळगुळीत बोलणाऱ्या दलालाचाच भाऊ वाटला. दोघेही बराच वेळ हटले नाहीत. आजोबांना या वादात रस नव्हता.

“ते दहा हजार त्यानं परत केले का?” त्यांनी विचारले.

नातवाने आठवून पाहिले. पडद्यावर तरी तसे कोठे दिसले नव्हते.