‘कचरा मासळी’ : व्हिक्टोरिया सरोवरातील संहार हा अपघात नव्हता

१/ व्हिक्टोरिया सरोवरातील सिक्लिड माशांच्या शेकडो जातींचा ऱ्हास बहुतेक ठिकाणी ‘पर्यावरणीय अपघात’ म्हणून सांगितला जातो. हे वर्णन खोटे आहे. येथे धोक्याची सूचना दोनदा, तीही लेखी स्वरूपात, दिली गेली होती.

२/ टांझानिया, युगांडा आणि केनिया यांच्यामध्ये पसरलेले हे सरोवर सुमारे ६८,८०० चौरस किलोमीटरचे. लुओ लोकांचे ते ‘नाम लोल्वे’, बुगांडाचे ‘नालुबाले’. १८५८ मध्ये जॉन स्पीक याने त्याला आपल्या राणीचे नाव दिले.

३/ सुमारे १५,००० वर्षांपूर्वी हे सरोवर कोरडे पडले होते. ते पुन्हा भरल्यावर त्यात सिक्लिडांच्या सुमारे ५०० जाती विकसित झाल्या. कोणी शेवाळ खरवडणारे, कोणी गोगलगाई फोडणारे, तर कोणी दुसऱ्या मादीच्या तोंडात सांभाळलेली पिल्ले पळवणारे. पृष्ठवंशी प्राण्यांत इतक्या वेगाने जाती घडल्याची उदाहरणे विरळाच.

४/ काठावरच्या लोकांना या माशांचे मोल ठाऊक होते. टांझानियात ‘फुरु’, युगांडात ‘न्केज्जे’. लहानखुरे, उन्हात वाळवून टिकणारे, गरिबाला परवडणारे. वसाहतीच्या मत्स्यतज्ज्ञांच्या लेखी मात्र ती ‘कचरा मासळी’ होती. पुढचा अनर्थ या एका शब्दाने सुकर केला.

५/ १९०५ मध्ये येथे गिलनेट जाळी आली आणि ‘न्गेगे’ या चवदार तिलापियाचा साठा खालावू लागला. १९२७-२८ मध्ये मायकेल ग्रॅहम यांनी पाहणी केली. जाळ्याच्या आसावर बंधन घालावे, असे त्यांनी सुचवले. आणि मोठा शिकारी मासा सरोवरात सोडण्यातील धोकाही १९२९ च्या अहवालात नोंदवला.

६/ तरीही १९५४ मध्ये नाइल पर्च सरोवरात आला. दोन मीटरपर्यंत वाढणारा हा मासा ‘कचऱ्या’चे रूपांतर विक्रीयोग्य मांसात करील, असा हिशेब होता. १९६० मध्ये जेफ्री फ्रायर यांनी या योजनेला छापील विरोध केला. एक किलो पर्च घडण्यासाठी कित्येक किलो लहान मासे खर्ची पडतात, हे साधे गणित होते. त्यानंतरही, १९६२-६३ मध्ये, पर्च पुन्हा सोडला गेला.

७/ १९७० च्या सुमारास झालेल्या ट्रॉल पाहणीत तळालगतच्या मासळीच्या एकूण वजनात किमान ८० टक्के वाटा याच सिक्लिडांचा होता. १९८० च्या दशकात तो कोसळला. म्वान्झा आखातात काम करणाऱ्या लायडनच्या संशोधकांनी हे डोळ्यांदेखत पाहिले. सुमारे २०० जाती नष्ट झाल्याचा अंदाज आहे.

८/ सारा दोष एकट्या पर्चवर टाकणे हीदेखील पळवाट आहे. सिक्लिड मादी नराच्या रंगावरून जोडीदार निवडते. काठावरची माती आणि सांडपाणी यांनी पाणी गढुळले, रंग दिसेनासे झाले आणि वेगळ्या जाती एकमेकींत मिसळू लागल्या, हे ओले झेहाउझेन यांनी १९९७ मध्ये दाखवले. त्यात भर म्हणजे पर्च चरबीयुक्त असतो. तो फुरुसारखा उन्हात वाळत नाही, धुरावर भाजावा लागतो. त्यासाठी काठावरची झाडे तुटली.

९/ समर्थक म्हणतात, पर्चमुळे मासेमारीचे उत्पन्न वाढले, निर्यात झाली, रोजगार आला. हे खरे आहे. परंतु पर्चचे मांसल तुकडे विमानाने युरोपला गेले आणि काठावरच्या बाजारात उरला तो मांस काढलेला सांगाडा. स्वाहिलीत त्याचे नाव ‘म्गोंगो वाझी’, म्हणजे उघडी पाठ. ज्या उत्पन्नाची आकडेवारी पुढे केली जाते, तिच्यात या सांगाड्याचा रकाना नसतो.

१०/ पुढे पर्चची बेसुमार मासेमारी झाली, तेव्हा काही सिक्लिड जाती पुन्हा दिसू लागल्या. मात्र त्यावरून ‘निसर्ग सावरतोच’ असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी परत न आलेल्या जातींचीही मोजदाद करावी. त्यांपैकी कित्येकींना शास्त्रीय नाव मिळण्यापूर्वीच त्या संपल्या. दप्तरात त्यांच्यासाठी एकच शब्द होता, आणि तो होता ‘कचरा’.

(समाप्त)