निवेदन : फिलिंग विभागाचा पास बॉक्स बदलणे व त्यावरून दिलेले मेमो मागे घेणेबाबत

प्रति,
मा. कारखाना व्यवस्थापक साहेब,
इंजेक्शन प्रकल्प, औद्योगिक वसाहत, वाळूज.

संदर्भ : १) गेल्या दिवाळीच्या शटडाऊनपूर्वी दिलेला आमचा अर्ज. २) सेफ्टी कमिटीच्या बैठकीत आपण दिलेले तोंडी आश्वासन. ३) त्यानंतरची स्मरणपत्रे. अर्जाची व स्मरणपत्रांची पोच आमच्याकडे आहे, उत्तर एकाचेही नाही.

महोदय,

फिलिंग रूम (ग्रेड बी) आणि तिच्या अलीकडची तयारीची खोली (ग्रेड सी) यांच्यामधल्या पास बॉक्सबद्दल हे निवेदन पुन्हा देत आहोत. नियम आपणास ठाऊक आहेत, ते येथे उतरवून काढत नाही. प्रत्यक्षात काय चालले आहे तेवढेच लिहितो.

या बॉक्सच्या सी बाजूच्या दाराची बिजागरी झिजून दार खाली उतरले आहे. गॅस्केट कडक होऊन कोपऱ्यात फाटले आहे. त्यामुळे दार लावले तरी चुंबकाची पट्टी नीट बसत नाही, सेन्सरला दार उघडेच दिसते आणि पलीकडचे दार अडकून राहते. यावर बिजागरी बदलणे हा उपाय होता. तो न करता, एका वेळी एकच दार उघडू देणाऱ्या इंटरलॉकला जम्पर मारून तो बायपास करण्यात आला. तेव्हा ‘दोन दिवसांची सोय’ असे सांगितले होते. जम्पर आजही तसाच आहे. परिणामी दोन्ही दारे केव्हाही, एकाच वेळी उघडतात आणि दोन्ही बाजूंचे दिवे कायम हिरवे असतात.

सेटल प्लेटा, निर्जंतुक पाकिटातले चिमटे, आयपीएच्या बाटल्या या वाटेने आत जातात, सॅम्पलच्या व्हायल याच वाटेने बाहेर येतात. सी बाजूचा माणूस हिरवा दिवा पाहून दार उघडतो. त्याच क्षणी बी बाजूला कोणी प्लेटा उचलत असेल, तर दोन खोल्यांमध्ये आरपार भोक पडते. दाबाचा फरक १५ पास्कलवरून १० च्या खाली येतो, अलार्म वाजतो, फिलिंग थांबते आणि डेव्हिएशन उघडले जाते.

आमचे खरे दुखणे याच्या पुढे आहे. प्रत्येक डेव्हिएशनमध्ये मूळ कारण ‘मानवी चूक’ आणि उपाय ‘पुनर्प्रशिक्षण’ एवढेच लिहिले जाते. बिजागरी, गॅस्केट, जम्पर यांचा उल्लेख एकाही कागदावर नाही. त्या पाळीच्या ऑपरेटरला मेमो मिळतो आणि तो पुन्हा प्रशिक्षणाला बसतो. तेथे त्याला शिकवतात, ‘दिवा हिरवा असेल तरच दार उघडा.’ साहेब, तो दिवा हिरवा होता म्हणूनच त्याने दार उघडले होते! वेतनवाढीच्या वेळी हेच मेमो फाइलमधून काढून समोर ठेवले गेले. कंत्राटी मुलांना तर मेमोही मिळत नाही, दुसऱ्या दिवसापासून त्यांचा गेटपास बंद होतो. या भीतीने आता काही जण दार उघडण्याआधी काचेवर टकटक करून पलीकडच्याला विचारतात. काचेवर इतके ओरखडे आहेत की, आतला हात दिसत नाही. विद्युत इंटरलॉकचे काम आम्ही बोटांच्या टकटकीने करत आहोत.

जम्पर काढला तरी एक प्रश्न उरतो, तो वीज जाण्याचा. चुंबकी कुलपे वीज जाताच सुटतात आणि दाराला दुसरी कडी नाही. इंटरलॉक यूपीएसवर घेण्याचे इंजिनिअरिंगने मागच्या उन्हाळ्यात मान्य केले होते. दुसरा उन्हाळाही सरला.

दिवाळीच्या शटडाऊनमध्ये बॉक्स बदलू, असे आपण म्हणाला होतात. शटडाऊन झाला, रंगकाम झाले, बॉक्स तसाच राहिला. नंतर ‘ऑर्डर गेली आहे’ असे कळले. बॉक्स आलाही, आणि तो आजतागायत स्टोअरमध्ये प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून पडला आहे, कारण तो स्टॅटिक निघाला. एकाच दर्जाच्या दोन खोल्यांमध्ये तो चालला असता, सी आणि बीच्या मध्ये चालत नाही. त्यात हेपा नाही, पंखा नाही, फक्त यूव्ही दिवा आहे. यूव्हीचा प्रकाश पडेल तेवढाच भाग निर्जंतुक होतो, बाटलीच्या सावलीतला नाही. शिवाय त्याची आतली रुंदी ४५० मिलिमीटर आणि आमचा प्लेटांचा ट्रे ५०० चा. परचेसने सर्वात कमी दराचे कोटेशन घेतले. ट्रे केवढा आहे, हे विभागात येऊन कोणी विचारले नाही.

मागण्या :

१) जम्पर आजच काढावा. बिजागरी, गॅस्केट, काच आणि दिवे दुरुस्त होऊन इंटरलॉकची चाचणी लेखी नोंदवली जाईपर्यंत हा बॉक्स बंद ठेवावा.

२) इंटरलॉक बायपास असताना दिलेले सर्व मेमो मागे घ्यावेत, रोखलेली वेतनवाढ द्यावी आणि त्या डेव्हिएशनची कारणे इंजिनिअरिंगच्या नोंदींशी ताडून पुन्हा लिहावीत. काढलेल्या कंत्राटी कामगारांना परत घ्यावे.

३) नवीन बॉक्स डायनॅमिकच असावा. त्यात एच१४ दर्जाचा हेपा फिल्टर, फिल्टरची गळती तपासण्यासाठी पीएओ पोर्ट, दिसेल असा दाबमापक आणि आतून गोलाई दिलेले कोपरे असावेत. आतील हवा साफ होण्याची ठरावीक वेळ भरल्याशिवाय बी बाजूचे दार उघडू नये. फिल्टर बदलण्याची सोय सी बाजूने हवी, नाहीतर मेकॅनिक अवजारे घेऊन फिलिंग रूममध्ये शिरेल. माप ट्रे घेऊन ठरवावे आणि ऑर्डरपूर्वीच्या तपशिलावर विभागातील दोन ऑपरेटरांच्या सह्या असाव्यात.

४) बसवताना पॅनेल कापून नुसते सिलिकॉन भरू नये. मागच्या वेळी तसेच केले आणि पॅनेल वाकून दार उतरायला तेथूनच सुरुवात झाली. कापाच्या चारही बाजूंनी आधाराची फ्रेम द्यावी. बी बाजूला बॉक्स भिंतीशी सपाट बसावा, वर धूळ धरणारी कड राहू नये. तळ जमिनीपासून सुमारे ९०० मिलिमीटरवर असावा. काम पूर्ण शटडाऊनमध्येच व्हावे. धुराची चाचणी, फिल्टरची गळती, कणमोजणी आणि इंटरलॉक या चारही तपासण्यांचे निकाल पाहिल्याशिवाय खोली ताब्यात देऊ नये.

५) सर्व इंटरलॉक यूपीएसवर घ्यावेत.

६) दोन्ही खोल्यांमध्ये इंटरकॉम द्यावा.

७) इतर पास बॉक्समधील यूव्ही दिव्यांना तास मोजणारे मीटर लावावेत.

पहिल्या दोन मागण्यांना भांडवली खर्चाची मंजुरी लागत नाही, आपली सही पुरते. त्या येत्या आठ दिवसांत पूर्ण व्हाव्यात आणि उरलेल्यांचे वेळापत्रक लेखी मिळावे. तोंडी आश्वासन या वेळी नम्रपणे नाकारत आहोत.

आठ दिवसांत उत्तर न आल्यास हीच कागदपत्रे अन्न व औषध प्रशासन आणि कामगार आयुक्त कार्यालयाकडे पाठवली जातील. तसेच यापुढे या बॉक्सवरून डेव्हिएशन झाल्यास ‘मानवी चूक’ लिहिलेल्या कागदावर आमच्यापैकी कोणीही सही करणार नाही. त्या रकान्यात ‘इंटरलॉक बायपास’ असे लिहूनच सही होईल, याची कृपया नोंद घ्यावी.

आपले विश्वासू,
विभाग समिती, कामगार संघटना
(तिन्ही पाळ्यांतील कामगारांच्या सह्या सोबत जोडल्या आहेत.)

प्रत माहितीस्तव : क्यूए प्रमुख, इंजिनिअरिंग प्रमुख, परचेस विभाग.