दर तोच, हप्ता अर्धा

मंदीत मजुरीचा दर लवकर उतरत नाही, भाव मात्र उतरतात. म्हणून ज्याचे काम टिकले त्याच्या पगारात जास्त सामान येते, असे अर्थशास्त्रात शिकवतात. 1929 नंतरच्या महामंदीत मुंबईच्या गिरण्यांत काही काळ तसे झालेही. मग मालकांनी मजुरी कापली आणि एप्रिल 1934 मध्ये मोठा संप झाला.

आपल्या सुरतेत 2008 साली उलटेच घडले. सप्टेंबरमध्ये अमेरिकेत लेहमन ब्रदर्स बुडाली, हिऱ्यांची मागणी आटली आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर कित्येक कारखाने उघडलेच नाहीत. जे उघडले तिथे मजुरी नगावर. दर तोच, पण घंटीवर येणारे नग कमी. दहाच्या जागी सहा नग आले की शंभराचे साठ झाले, आणि दर कापला असे कोणी म्हणायलाही नको! त्यात औद्योगिक कामगारांचा महागाई निर्देशांक 2009-10 मध्ये 12 टक्क्यांहून अधिक चढला. म्हणजे त्या साठात आदल्या वर्षीच्या चोपन्न रुपयांचाही माल येईना. मंदी हिऱ्यांना होती, तुरीच्या डाळीला नव्हती.

हे फक्त रत्नकलाकारांचे दुखणे नाही. लिंबायत, उधना, पांडेसरा येथे मागावर उभ्या असलेल्या आपल्या खानदेशी बांधवांची मजुरीही मीटरवरच ठरते. माग बंद, तर मीटर शून्य.

सरकारची मदत येते, पण काम सुटल्यावर. मे 2025 मध्ये गुजरात सरकारने बेकार रत्नकलाकारांच्या मुलांसाठी वर्षाला 13,500 रुपयांपर्यंत शाळेची फी देऊ केली. चांगलेच केले. पण कामावर असून अर्धा हप्ता घरी नेणाऱ्याला बेकार कोण म्हणणार? तो कोणत्याच यादीत नसतो.

म्हणून मते मागायला येणाऱ्यांना दर विचारू नका, मंदीच्या महिन्यात किमान किती रुपये हातात पडतील ते विचारा. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेत पगारचिठ्ठी देणे मालकावर बंधनकारक आहे, तीही मागा.

आपल्या जुन्या कुटुंबांपैकी काहींचे स्वतःचे माग आहेत, हे आम्ही विसरलेलो नाही. मंदीत त्यांचेही कर्जाचे हप्ते थांबत नाहीत. तरीही पहिली पगारचिठ्ठी त्यांच्याच कारखान्यातून निघावी, अशी आमची त्यांना विनंती आहे.