घराण्याचं नाव, गावाची वहाण

मिलान शहरात १९८०च्या दशकात एक आगळं दत्तकविधान झालं. दत्तक गेली ती चांगली जाणती बाई होती. राज्यशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेली, धंद्याची सूत्रं हाती घेतलेली. दत्तक घेणारी तिची अविवाहित मावशी. या बाईंचं जन्माचं नाव मारिया बियांकी. बियांकी हे वडिलांकडचं आडनाव, प्रादा हे आईच्या माहेरचं. मावशीच्या मांडीवर बसल्यावर त्या कायद्यानेही प्रादा झाल्या. आज जग त्यांना मिउच्चा प्रादा म्हणून ओळखतं.

मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. कागलच्या घाटग्यांच्या घरातले यशवंतराव १८८४ साली कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि शाहू महाराज झाले. गादीला नाव लागतं आणि नाव चालवायला माणूस लागतं, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. फरक एवढाच की मिलानमधली गादी चामड्याच्या पेढीची होती.

ती पेढी मारिओ प्रादा यांनी १९१३ साली मार्तिनो या भावाला बरोबर घेऊन काढली. जागा अगदी मोक्याची. मिलानच्या कॅथेड्रलला लागून व्हित्तोरियो इमान्युएले राजाच्या नावाचा काचेच्या छताचा देखणा बाजार आहे, तिथे ‘फ्रातेल्ली प्रादा’, म्हणजे प्रादा बंधू, अशी पाटी लागली. जहाजाच्या प्रवासाला लागणाऱ्या ट्रंका, बॅगा, चामड्याच्या किमती वस्तू असा माल. सहा वर्षांत, १९१९ साली, इटलीच्या सावोय राजघराण्याचे अधिकृत पुरवठादार म्हणून त्यांना मान मिळाला आणि राजचिन्हाबरोबर गाठी मारलेल्या दोरीचं चिन्ह वापरायची मुभाही. पूर्वी ट्रंकांवर ठोकली जाणारी त्रिकोणी पट्टी आज प्रादाच्या पिशव्यांवर दिसते.

बायकांनी धंद्यात पडू नये असं मारिओंचं ठाम मत होतं. मुलाला मात्र दुकानात रस नव्हता. शेवटी गल्ल्यावर बसली ती मुलगी लुइझा, आणि तिने वीसएक वर्षं पेढी सांभाळली. तिच्यानंतर १९७८ साली तिची मुलगी मिउच्चा आली. म्हणजे ज्या घराण्याच्या मूळ पुरुषाने बायकांना उंबऱ्याबाहेर ठेवायचं ठरवलं होतं, ते घराणं मुलीने तगवलं आणि नातीने जगभर नेलं.

या नातीची जडणघडणही दुकानदारीची नव्हती. विद्यार्थिदशेत ती कम्युनिस्ट पक्षाची सभासद होती आणि मिलानच्या पिक्कोलो तेआत्रो या नाट्यसंस्थेत ती काही वर्षं मूकाभिनय शिकली. पुढे तिला पात्रित्सिओ बेर्तेल्ली भेटले. टस्कनीतल्या अरेझ्झोचे हे गृहस्थ, चामड्याच्या वस्तूंचा स्वतःचा कारखाना चालवणारे, व्यवहाराला चोख. आधी ते धंद्यातले भागीदार झाले, १९८७ साली नवरा. १९८४च्या सुमारास मिउच्चांनी चामड्याच्या दुकानात काळ्या नायलॉनची पाठीवरची पिशवी आणली. पोकोनो नावाचं हे कापड कारखान्यात विणलेलं, लष्करी वापरातलं. बाजाराने तिला लगेच उचललं नाही. दशक संपेपर्यंत मात्र तीच पिशवी घराण्याची ओळख झाली होती. सोलापूरसारख्या कापडाच्या गावाने हे प्रकरण मन लावून वाचावं असं आहे. कापड कारखान्यातलं होतं. किंमत चढली ती शिवण, सफाई आणि त्या त्रिकोणी पट्टीमुळे.

१९८८ साली बायकांचे तयार कपडे आले, १९९३ साली ‘मिउ मिउ’ हा दुसरा ब्रँड. जून २०११ मध्ये कंपनीचे शेअर हाँगकाँगच्या बाजारात आले, तरी सुमारे ऐंशी टक्के मालकी घरातच राहिली. डिसेंबर २०२५ मध्ये प्रादाने व्हर्साचे हे दुसरं इटालियन घराणं सव्वा अब्ज युरोंना विकत घेतलं. त्याचा कारभार मिउच्चांचा मुलगा लोरेन्झो बेर्तेल्ली पाहतो. तो आधी मोटारींच्या रॅलीत गाडी चालवायचा.

सगळ्या इटालियन घराण्यांना हे जमलेलं नाही. फ्लॉरेन्सच्या गुच्ची कुटुंबात भाऊ भावाविरुद्ध आणि मुलगा बापाविरुद्ध कोर्टात गेला. १९९३ साली मौरित्सिओ गुच्चीने आपला शेवटचा हिस्सा विकला आणि गुच्चीत गुच्ची उरला नाही. दोन वर्षांनी मिलानच्या रस्त्यावर त्याचा खून झाला, तो घटस्फोटित पत्नीने सुपारी देऊन घडवून आणल्याचं कोर्टात सिद्ध झालं. पाटी मात्र तशीच चालू आहे.

आता आपल्याकडे वळू. कोल्हापुरी चपलेच्या इतिहासात एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. १९२० च्या आसपास कोल्हापूरच्या सौदागर कुटुंबाने जाड, जडशीळ पायताणाला पातळ, हलकं रूप दिलं आणि दोन्ही बाजूंना कानासारखे पट्टे ठेवले. म्हणून ती ‘कानवली’. मुंबईच्या एका दुकानाने ती विकायला घेतली, तिला मागणी आली आणि आणखी माणसं तिच्या कामाला लागली. गोष्ट खरी धरली, तर मिलानच्या पेढीत आणि या कानवलीत जेमतेम सात वर्षांचं अंतर आहे. प्रादा हे नाव आज विमानतळांवर झळकतं. सौदागर हे नाव कोल्हापुरी घालणाऱ्या शंभरांतल्या पाचांनाही माहीत नसेल. वस्तूला गावाचं नाव लागलं आणि घराणं त्या नावाआड गेलं.

ही वहाण एकट्या कोल्हापूरचीही नाही. जुलै २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं ते आठ जिल्ह्यांसाठी. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. मानांकनाची नोंद दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांच्या नावे आहे, आपल्याकडच्या लिडकॉम आणि कर्नाटकच्या लिडकर यांच्या. सोलापूरच्या माणसाला विचारलं की तुमच्या जिल्ह्याला कशाकशाचं मानांकन आहे, तर तो चादर सांगतो, टॉवेल सांगतो, मंगळवेढ्याची ज्वारी सांगतो. चपलेचं नाव सहसा निघत नाही.

खरं तर या मुलखात वहाणेची आठवण मानांकनाच्या कितीतरी आधीची आहे. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी सोलापुरात तलाव बांधला आणि पुढे ते बसवण्णांच्या कल्याणला गेले. त्याच कल्याणात शरण हरळय्या होते, चर्मकाम करणारे. बसवण्णांनी आपल्याला वाकून उलट नमस्कार केला, या मानाचं ओझं उतरवायचं म्हणून हरळय्या आणि त्यांच्या पत्नी कल्याणम्मा यांनी स्वतःच्या मांडीचं कातडं काढून त्यांच्यासाठी वहाणा शिवल्या, अशी कथा शरण परंपरेत सांगतात. बसवण्णांनी त्या पायात घातल्या नाहीत, डोक्यावर घेतल्या. पुढे हरळय्यांच्या मुलाचं लग्न ब्राह्मण मधुवरसांच्या मुलीशी झालं आणि त्या लग्नापायी दोन्ही बापांना जीव गमवावा लागला. कातड्याच्या कामाला असा मान देणारी परंपरा आपल्या दाराशी असताना, त्या कामातल्या घरांना गावकुसाबाहेर ठेवणारा समाजही आपलाच होता. घराण्याचं नाव वस्तूवर का चढलं नाही, याचं मोठं कारण इथे आहे. पाटी लावायला आधी पेठेत जागा मिळावी लागते.

काम काय आहे ते जवळून पाहिलं की ही गोष्ट जास्त टोचते. कातडं कमावायला बाभळीची साल आणि हिरडा. तळाला म्हशीचं जाड कातडं, वेणीला शेळीचं पातळ. रापीने कातड्याच्या अशा बारीक वाद्या काढायच्या की तीन-तीन पदरांची वेणी घातली तरी ती पायाला टोचू नये. वेण्या बहुतेक घरच्या बायका घालतात, स्वयंपाकपाणी उरकून, दाराशी बसून. तळ आणि टाच आरीने भोकं पाडून चामड्याच्याच वादीने शिवतात. अस्सल चपलेत लोखंडी खिळा नसतो. मग कान, पट्टा, अंगठा, वर गोंडा, आणि शेवटी तेलपाणी. हातात घेतल्यावर लाकडासारखी ताठ वाटणारी ही चप्पल घालणाऱ्याच्या पायाप्रमाणे हळूहळू वळते आणि मग वर्षानुवर्षं साथ देते. २०१५ साली राज्यात बैल-वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली, कातड्याचा बाजार विस्कळीत झाला आणि या घरांतली बरीच मुलं दुसऱ्या कामाला लागली.

अशा वेळी जून २०२५ उजाडला. मिलानमध्ये प्रादाच्या पुरुषांच्या कपड्यांच्या प्रदर्शनात मॉडेलच्या पायात ज्या वहाणा दिसल्या, त्यांना इथलं शेंबडं पोरही कोल्हापुरी म्हणालं असतं. प्रादाने त्यांना नुसतं ‘चामड्याचे सँडल’ म्हटलं होतं. गाव नाही, देश नाही. समाजमाध्यमांवर गदारोळ उठला. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सचे अध्यक्ष ललित गांधी यांनी कंपनीला पत्र लिहिलं. उत्तर आलं ते लोरेन्झो बेर्तेल्लींच्या सहीचं. या वहाणांची प्रेरणा शतकानुशतकांच्या भारतीय पादत्राणांची आहे, हे त्यांनी मान्य केलं. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिकाही झाली. न्यायालयाने जुलैत ती फेटाळली, कारण मानांकनाचे नोंदणीकृत मालक दाद मागायला आलेले नव्हते. या निकालाकडे सगळ्यांनी कानाडोळा केला, पण धडा त्यातच आहे. ज्याच्या नावे नोंद, त्यालाच दाद.

जुलैतच प्रादाची माणसं कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटली आणि डिसेंबर २०२५ मध्ये मुंबईत लिडकॉम, लिडकर आणि प्रादा यांच्यात सामंजस्य करार झाला. महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कारागिरांकडून दोन हजार जोड करून घ्यायचे, त्यांना प्रशिक्षण द्यायचं आणि हे जोड प्रादाच्या चाळीस दुकानांत आणि ऑनलाइन विकायचे, असं ठरलं. किंमत सुमारे ८०० युरो, म्हणजे ऐंशी हजार रुपयांच्या वर. इतक्या पैशांत आपल्या बाजारात कोल्हापुरीच्या कितीतरी जोड्या येतील. तरीही हा करार चांगलाच झाला, असंच म्हणावं लागेल. चोरी म्हणून सुरू झालेली गोष्ट कामाच्या ऑर्डरीपर्यंत आली, हे आरडाओरडा करणाऱ्यांचं आणि पत्र लिहिणाऱ्यांचं यश आहे.

प्रश्न आहे तो जोडावर कुणाचं नाव असणार याचा. आणि या बाबतीत प्रादाला त्यांचाच दाखला देता येतो. २०१० साली मिउच्चांनी ‘मेड इन’ नावाची मालिका काढली होती. स्कॉटलंडचे चौकटीचे किल्ट, पेरूची अल्पाका लोकर, जपानची डेनिम आणि भारतातली लखनवी चिकनकारी. वस्तू जिथल्या, तिथेच, तिथल्या पद्धतीने करून घ्यायच्या आणि ‘प्रादा, मिलान’ याच्या खाली देशाचं नाव लावायचं, अशी ती कल्पना होती. ज्या घराण्याला पंधरा वर्षांपूर्वी लखनौ आठवलं, त्याला जून २०२५ च्या प्रदर्शनात कोल्हापूर आठवू नये, याचं वाईट वाटतं. लिडकॉमने या मालिकेचा दाखला पुढे करून एक पायरी वर जायला हवं. प्रत्येक जोडावर गाव यावं, जिल्हा यावा आणि ज्या घरात ती वेणी घातली गेली त्या घराचं नाव यावं. दोन हजार जोडांसाठी हे काही अवघड नाही.

नाव लावण्याची रीत सोलापूरला नवी नाही. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली कुटुंबांनी इथे हातमाग मांडले, पुढे यंत्रमाग घातले आणि जकार्डवर मोर, फुलं, वेलबुट्टी काढली. त्या चादरींवर आपलं नाव ठसवायचंही ते विसरले नाहीत. पुलगम, चाटला ही आडनावं घरोघरच्या अंथरुणापर्यंत पोहोचली ती अशी. पानिपतचा माल सोलापुरी म्हणून खपतो ही इथल्या कारखानदारांची जुनी तक्रार आहे, आणि अशा वेळी गिऱ्हाईक आधी नाव पाहतं. चपलेच्या कारागिराला ही सोय कधी मिळाली नाही.

आता एक दार उघडलं आहे आणि त्याची चर्चा आपल्याकडे फारशी नाही. पूर्वी युरोपीय संघात फक्त शेतमाल, खाद्यपदार्थ आणि मद्य यांच्या नावांना भौगोलिक मानांकनाचं संरक्षण होतं. म्हणून पार्मेझान चीजला ते मिळालं, वहाणेला नाही. २०२३ साली संघाने हस्तकला आणि औद्योगिक वस्तूंसाठी वेगळा कायदा केला आणि १ डिसेंबर २०२५ पासून तो लागू झाला. स्पेनमधल्या अलिकांते इथल्या बौद्धिक संपदा कार्यालयात त्याची नोंद होते. मायदेशात संरक्षण असेल, तर संघाबाहेरच्या उत्पादकांच्या गटालाही अर्ज करता येतो. भारतातलं मानांकन मिलानमध्ये चालत नाही, ही जून २०२५ मधली अडचण या नोंदीने दूर होऊ शकते. लिडकॉम आणि लिडकरने कोल्हापुरीसाठी आणि सोलापूरच्या यंत्रमागधारकांनी चादरीसाठी हा अर्ज तयार करायला घ्यावा. त्याआधीचं काम तर इथेच, जिल्ह्यातच आहे. मानांकनाचे अधिकृत वापरकर्ते म्हणून सोलापूर जिल्ह्यातल्या चर्मकारांची नावनिशी नोंदणी करायची आणि तालुक्यातालुक्यात शिबिरं लावून त्यांचे अर्ज भरून घ्यायचे.