क्यूआर कोड कोणाच्या खात्याचा?

पर्यटन वाढलं की बायकांचं भलं होतंच, असं मानणारा मोठा वर्ग आहे. आंतरराष्ट्रीय परिषदांच्या व्यासपीठापासून पिंपळे गुरवमधल्या सोसायटीच्या कट्ट्यापर्यंत तो पसरलेला आहे. कट्ट्यावरचा युक्तिवाद साधा असतो. बायका भिशीचे पैसे साठवून ‘महिला स्पेशल’ सहलीने दुबई-थायलंड करून येतात, आठवडाभर नवरे घरी कुकर लावतात. आता आणखी कसले हक्क हवेत?

यातला खरा भाग आधी मान्य करायला हवा. 1883 मध्ये आनंदीबाई जोशी अमेरिकेला आणि पंडिता रमाबाई इंग्लंडला निघाल्या, तेव्हा समुद्र ओलांडणं हेच पाप होतं. पुढे रमाबाईंनी अमेरिकेच्या प्रवासावर अख्खं पुस्तक लिहिलं, तेही मराठीत. संयुक्त राष्ट्रांच्या 1979 च्या स्त्री-भेदभावविरोधी कराराने संचाराचा समान हक्क मान्य केला आणि 1993 मध्ये भारताने त्या करारावर शिक्कामोर्तब केलं. परदेशी जाण्याच्या हक्काला सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये भक्कम आधार दिला, तो खटलाही एका बाईच्या जप्त झालेल्या पासपोर्टचा होता: मेनका गांधी यांच्या. डिसेंबर 2016 पासून पासपोर्टसाठी लग्नाचा दाखला लागत नाही. हे सगळं झगडून मिळालेलं आहे, आणि ‘महिला स्पेशल’ची चेष्टा करणाऱ्यांनी ते विसरू नये.

पण हे हक्क झाले तिकीट काढणारीचे. जिच्या हातचं जेवण, जिने घातलेली चादर आणि जिने घासलेलं न्हाणीघर यावर हा धंदा उभा आहे, तिचं काय?

इथे आकडे पुढे केले जातात. जागतिक पर्यटन संघटनेच्या 2019 च्या अहवालाप्रमाणे पर्यटनात काम करणाऱ्यांत 54 टक्के बायका आहेत. एकूण अर्थव्यवस्थेत हे प्रमाण 39 टक्के. ऐकायला झकास. त्याच अहवालात पुढे असंही आहे की या क्षेत्रातल्या बायकांना पुरुषांपेक्षा सरासरी 14.7 टक्के कमी पैसे मिळतात. भाषणात पहिला आकडा येतो, दुसरा येत नाही. निम्म्याहून अधिक हात बायकांचे असणं म्हणजे निम्मा धंदा बायकांचा असणं नव्हे, इतकं गणित तरी परिषदा भरवणाऱ्यांना यायला हरकत नाही.

पिंपरी-चिंचवड-चाकण पट्ट्यात परदेशी पाहुणा समुद्र बघायला येत नाही. तो जर्मन, जपानी किंवा कोरियन इंजिनिअर असतो. दिवसभर कारखान्यात आणि रात्री वाकड-हिंजवडीच्या हॉटेलात. हेही आंतरराष्ट्रीय पर्यटनच. आकडेवारीत कामासाठी आलेला पाहुणाही पर्यटक म्हणूनच मोजला जातो. अशा हॉटेलांत खोल्या आवरणाऱ्या बायका अनेकदा कंत्राटदाराच्या हजेरीपटावर असतात. लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा कंत्राटी बाईलाही लागू आहे. दहा किंवा अधिक कामगार असतील तिथे तक्रार समिती हवीच. पण तक्रार केल्यावर उद्यापासून येऊ नको असं सांगायला कंत्राटदाराला एक फोन पुरतो. हक्क आहे, पण तो वापरायचा तर नोकरी पणाला लावावी लागते.

कोकणात चित्र वेगळं दिसतं, आत शिरलं की तेच. मालवणकडच्या एखाद्या घरगुती खानावळीत जेवायला बसावं. चुलीवर वडे तळणारी, सुरमईला मसाला लावणारी, सोलकढीला आमसुलं कुस्करणारी बाई. पहाटे मासळी निवडायला तीच, दुपारी चारला भांड्यांच्या राशीपाशीही तीच. बाहेर पाटीवर ‘प्रो. प्रा. श्री.’ आणि गल्ल्यावर चिकटवलेला क्यूआर कोड त्याच श्रींच्या खात्याचा. पाहुणे हात धुऊन ‘काका, जेवण एक नंबर!’ म्हणतात, आणि काका ते स्वीकारतात.

आता दुसऱ्या बाजूचे. पर्यटन आलं की दारू आली, बीभत्सपणा आला, तेव्हा घरच्या लेकीसुनांनी मर्यादा सांभाळून यापासून लांबच राहावं, असं ते सांगतात. गोव्याचं उदाहरण त्यांच्या तोंडी तयारच असतं. गोव्याने खरंच किंमत मोजली. पर्यटनाच्या आडून चालणाऱ्या मुलांच्या शोषणाचं फ्रेडी पीट्स प्रकरण गाजलं, 2003 मध्ये तिथे बालहक्कांचा स्वतंत्र कायदा झाला. पण त्यासाठी लढलेल्यांत गोव्यातल्या स्त्री संघटना पुढे होत्या. त्या घरात बसल्या असत्या तर? शिवाय हे मर्यादावाले काकांच्या खानावळीत बाईला राबताना बघून कधी बेचैन होत नाहीत. त्यांची हरकत तिच्या कष्टांना नसते, तिने गल्ल्यावर बसण्याला असते.

गल्ला बायकांच्या हाती आला की काय होतं, ते कोकणातच दिसतं. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत 2017 पासून ‘स्वामिनी’ बचत गटाच्या बायका कांदळवन सफर चालवतात. मदत संयुक्त राष्ट्रांच्या यूएनडीपीची आणि राज्याच्या कांदळवन कक्षाची; वल्ही मात्र त्यांच्याच हातात. कांदळाच्या जाती, खेकड्यांची बिळं, पक्षी यांची माहितीही त्याच देतात. कोळणीचं खाडीबद्दलचं ज्ञान पिढ्यान्‌पिढ्यांचं. फरक इतकाच की आता त्या ज्ञानाचे पैसे गटाच्या खात्यात पडतात.

राज्याचं जून 2023 चं ‘आई’ पर्यटन धोरण याच दिशेने जातं, म्हणून त्याची बाजू घ्यायला हवी. 15 लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज सरकार परत करतं. अट अशी की धंदा बाईच्या मालकीचा हवा आणि हॉटेल किंवा टूर एजन्सी असेल तर निम्मे कर्मचारीही बायका हव्यात. यावर टीकाकार ‘सरपंचपती’ची आठवण काढतात: नाव तिचं, कारभार त्याचा. तसं होईलही. पण कागदावर नाव आलं की सहीसाठी तिला बँकेत न्यावंच लागतं, आणि पंचायतींमध्ये सहीपुरत्या आणलेल्या कित्येकजणी पुढे नवऱ्याला बाहेर बसवून सभा चालवू लागल्या.

धोरणाची खरी अडचण निराळी आहे. व्याज परत मिळतं कर्ज फेडणारीला. कर्ज सहसा मिळतं तारण असणारीला. आणि घर, जमीन, सातबारा बहुतेक ठिकाणी पुरुषाच्या नावावर. ग्रामपंचायतीत घराची नोंद पती-पत्नी दोघांच्या नावे करावी, हा शासन निर्णय 2003 चा आहे. तेव्हा घरातल्या खोल्या पर्यटकांना देण्याच्या ‘न्याहारी व निवास’ योजनेत नोंदणी करताना दोघांची नावं असलेला घराचा उतारा बंधनकारक करावा. नवा कायदा लागत नाही, जादा पैसा लागत नाही. अर्जाच्या नमुन्यात एक रकाना वाढवावा लागेल.