लेस्टरचे गुजराती, ब्रॅडफर्डचे मीरपुरी

ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या भारतीयांच्या उत्कर्षाचा विषय निघाला की आपल्याकडे एक तुलना हटकून पुढे येते. ऑक्टोबर २०२२ मध्ये ऋषी सुनक त्या देशाच्या पंतप्रधानपदी आले, तेव्हा तर तिला ऊतच आला होता. एकाच उपखंडातून, थोड्याफार फरकाने एकाच काळात, दोन समाज ब्रिटनला गेले. एकाने दुकाने काढली, मुलांना डॉक्टर आणि औषधविक्रेते केले, पार्लमेंटात जागा मिळविल्या. दुसरा गिरणगावांतील जुनाट घरांत, बेकारीत आणि टॅक्सीच्या चाकामागे अडकून पडला. पहिला समाज बहुतांशी हिंदू, दुसरा मुसलमान. एवढे सांगून झाल्यावर निष्कर्ष काढण्यासाठी फारसे डोके चालवावे लागत नाही. किंबहुना निष्कर्ष आधीच तयार असतो, त्याला उदाहरण तेवढे हवे असते.

तुलनेतील वस्तुस्थिती नाकारण्याचे कारण नाही. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये स्वतःला भारतीय वंशाचे म्हणविणाऱ्यांची संख्या सुमारे १८ लाख ६० हजार, तर पाकिस्तानी वंशाचे म्हणविणाऱ्यांची सुमारे १५ लाख ९० हजार भरली. भारतीय वंशाच्या कामगारांचे तासागणिक सरासरी वेतन गोऱ्या ब्रिटिशांपेक्षाही अधिक आहे. पाकिस्तानी वंशाच्या कामगारांचे त्याहून बरेच कमी आहे. पाकिस्तानी वंशाच्या स्त्रियांतील नोकरदारांचे प्रमाण अल्प आहे आणि त्या समाजातील मुलांचा मोठा भाग गरीब कुटुंबांत वाढतो. हे सारे खरे. प्रश्न आहे तो या अंतराच्या कारणांचा. 'भारतीय' आणि 'पाकिस्तानी' ही नावे येथे दिशाभूल करतात. पहिल्या नावामागे प्रामुख्याने पूर्व आफ्रिकेतून आलेला गुजराती दुकानदार उभा असतो आणि दुसऱ्यामागे पाकव्याप्त काश्मीरच्या मीरपूर जिल्ह्यातील अल्पभूधारक शेतकरी. ही तुलना धर्मांची होण्यापूर्वी या दोन माणसांची झाली पाहिजे.

मीरपूरचा माणूस ब्रिटनला पोहोचला तो बोटींच्या बॉयलरखान्यातून. झेलम नदीवरील नावांचा व्यापार आगगाडीने हिरावून घेतल्यावर तेथील तरुणांनी मुंबई आणि कराची बंदरांतून सुटणाऱ्या ब्रिटिश बोटींवर कोळसा ओढण्याचे काम पत्करले. त्यांतील काही जण युद्धकाळात ब्रिटनच्या कारखान्यांत राहिले आणि त्यांच्या मागोमाग भाऊबंद आले. १९५० नंतरच्या दशकात यॉर्कशरमधील लोकरीच्या गिरण्यांनी महागडी नवी यंत्रे बसविली. ती परवडायची तर रात्रंदिवस चालविणे भाग होते. स्त्रियांना रात्रपाळीवर ठेवण्यास कायद्याचा अडसर होता आणि गोरे कामगार रात्रपाळीला तयार नव्हते. ती पाळी मीरपुरी माणसांच्या वाट्याला आली. खात्यात सगळे एकाच भागातले, मुकादमही बहुधा आपलाच. इंग्रजीवाचून काही अडत नव्हते. एका घरात आठ-दहा जण राहात. रात्रपाळीचा माणूस परतला की दिवसपाळीच्या माणसाने सोडलेल्या अंथरुणावर अंग टाकी. परळ-लालबागच्या गाळ्यांत कोकणातील आणि घाटावरील चाकरमान्यांनी ज्या रीतीने दिवस काढले, तीच ही रीत. मनही तेच होते. चार पैसे साठवावेत, गावी घर बांधावे, जमीन सोडवावी आणि परत जावे.

तो परत गेला नाही. त्याला दोन गोष्टी कारण झाल्या आणि दोन्ही सरकारांच्या करणीतून आल्या. १९६० च्या सिंधू जलवाटप करारानंतर पाकिस्तानने झेलमवर मंगला धरण बांधले. १९६७ मध्ये ते पुरे झाले, तेव्हा जुने मीरपूर शहर आणि आसपासची शेकडो गावे पाण्याखाली गेली आणि लाखाहून अधिक माणसे उठली. कोयनेच्या धरणग्रस्तांचे हाल ज्यांना ठाऊक आहेत त्यांना या आकड्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. दुसरे कारण म्हणजे ब्रिटनचा १९६२ चा राष्ट्रकुल स्थलांतरित कायदा. परकीयांचा ओघ थांबविण्यासाठी तो केला गेला. प्रत्यक्षात तो लागू होण्यापूर्वी आत शिरण्याची घाई उडाली. पूर्वी एक भाऊ परत जाई आणि त्याच्या जागी दुसरा येई. आता गेलेल्याला परत येता येईल याची खात्री उरली नाही. म्हणून गेला तो राहिला आणि त्याने यथावकाश बायकामुलांना बोलावून घेतले. दार लावून घेण्याच्या खटाटोपात पाहुण्याचा भाडेकरू आणि भाडेकरूचा घरमालक झाला, हा त्या कायद्याचा विनोद ब्रिटिश राजकारण्यांना उशिरा उमगला.

कुटुंबे येऊन स्थिरावतात न स्थिरावतात तोच गिरण्या बंद पडू लागल्या. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून पुढील काही वर्षांत ब्रॅडफर्डमधील वस्त्रोद्योग कोसळला आणि हजारो नोकऱ्या गेल्या. ज्या एका धंद्यासाठी ही माणसे आणली गेली होती, तोच नाहीसा झाला. १९८२ च्या संपानंतर गिरणगावाचे काय झाले हे मुंबईने पाहिले आहे. तेथे निदान भाषा आपली होती आणि गाव एका रात्रीच्या अंतरावर होते. ब्रॅडफर्डच्या पन्नाशीतील जॉबरला इंग्रजी येत नव्हते, दुसरे कसब नव्हते, आणि पुंजी होती ती मीरपूरला बांधलेल्या रिकाम्या दुमजली घरात अडकलेली.

आता पूर्व आफ्रिकेकडे वळावे. १८९६ ते १९०१ या काळात युगांडा रेल्वे बांधण्यासाठी इंग्रजांनी सुमारे ३२ हजार भारतीय मजूर नेले. त्यांतील बहुतेक पंजाबी होते आणि बहुतेक परतही आले. रेल्वेच्या रुळांच्या कडेने मात्र काठेवाड, चरोतर आणि कच्छचे व्यापारी आत शिरले. खेडोपाडी मीठ, कापड आणि केरोसीन विकणारा 'दुकावाला' तो हाच. त्यांतूनच नानजी कालिदास मेहता आणि मुळजीभाई माधवानी यांच्यासारखे साखर कारखानदार उभे राहिले. सरकारी कचेऱ्यांतील कारकुनीत गोमंतकीयांचा भरणा होता. १९६५ मध्ये नैरोबीत ज्यांची हत्या झाली ते केनियाचे स्वातंत्र्यसैनिक पिओ गामा पिंटो याच समाजातील. वसाहतीच्या उतरंडीत गोरे वर, आफ्रिकी तळाशी आणि भारतीय मधल्या पायरीवर, अशी व्यवस्था होती. त्या पायरीवर दोन पिढ्या उभे राहिल्याने इंग्रजी शाळा, हिशेबाच्या वह्या, बँकेचे व्यवहार, शहरी राहणी आणि इंग्रज साहेबाशी बोलण्याची सवय हे सारे अंगवळणी पडले. ही पायरी आफ्रिकी माणसाच्या खांद्यावर टेकलेली होती, हे त्या समाजाच्या गौरवगाथांत सहसा लिहिले जात नाही.

इदी अमीनने ऑगस्ट १९७२ मध्ये युगांडातील आशियाईंना ९० दिवसांत चालते होण्यास फर्मावले. सुमारे २८ हजार लोक ब्रिटनला आले. दर कुटुंबाला जेमतेम पन्नास-पंचावन्न पौंड नेण्याची मुभा होती. उतरल्यावर त्यांना जुन्या लष्करी छावण्यांत ठेवण्यात आले. लेस्टर नगरपालिकेने तर युगांडातील वृत्तपत्रात जाहिरात देऊन 'आमच्याकडे येऊ नका' असे कळविले होते. त्या जाहिरातीने लेस्टरचे नाव ज्यांना ठाऊक नव्हते त्यांनाही ठाऊक झाले, असे आता सांगतात. ही माणसे निष्कांचन झाली होती यात शंका नाही. परंतु अमीनच्या शिपायांना विमानतळावर दागिने काढून घेता आले, हिशेब ठेवण्याची विद्या काढून घेता आली नाही. शिवाय ती कुटुंबासह आली. आजोबा, सून, कॉलेजात जाणारी मुलगी असे सारे घर एकदम उतरले आणि सर्वांचे हात कामाला लागले. लेस्टरमध्ये मोजे-बनियनांचे, पादत्राणांचे आणि यंत्रांचे असे निरनिराळे कारखाने होते. एक बुडाला तर दुसरा होता.

या दोहोंतील सर्वांत महत्त्वाचा फरक मात्र पैशाचा किंवा शाळेचाही नाही. मीरपुरी माणसाला परतायला गाव होते, लेस्टरच्या गुजरात्याला नव्हते. कंपाला बंद झाले होते आणि काठेवाड दोन पिढ्या मागे पडले होते. त्याची प्रत्येक शिलकी पै लेस्टरच्या दुकानात आणि मुलांच्या शिक्षणात गेली. मीरपुऱ्याची अर्धी पै भाऊबंदांच्या घरांसाठी, बहिणींच्या लग्नांसाठी आणि न राहण्याच्या हवेलीसाठी मायदेशी गेली. जो घरी पैसे पाठवितो त्याला कृतज्ञ म्हणावयाचे आणि तरीही तो ब्रिटनमध्ये मागे का पडला असे विचारावयाचे, ही विसंगती आहे. मुळे तुटण्याचे दुःख आणि मुळे तुटल्याचा फायदा हे येथे एकाच घटनेचे दोन परिणाम आहेत.

धर्माच्या उपपत्तीला छेद देणारी उदाहरणे तर हाताशीच आहेत. युगांडातून निघालेल्यांत इस्माइली खोजा मोठ्या संख्येने होते. ते मुसलमानच, त्यांतील अनेकांना कॅनडाने घेतले आणि आज तो समाज तेथे कोणाहून मागे नाही. उलट भरूच आणि सुरत जिल्ह्यांतून थेट लँकेशर-यॉर्कशरच्या गिरण्यांत गेलेल्या गुजराती मुसलमानांची बोली लेस्टरच्या दुकानदाराचीच, परंतु वाटचाल बरीचशी मीरपुऱ्यांसारखी झाली. खुद्द सुनक गुजराती नव्हेत. त्यांचे आजोबा आज पाकिस्तानात असलेल्या गुजराणवाल्याचे; वडील केनियात आणि आई टांगानिकात जन्मलेली. आणि सिल्हेटी? ते मुसलमान, खेडवळ, बोटींवरील खलाशांच्या मागोमाग आलेले. १९८० च्या दशकात ब्रिटिश शाळांतील सर्वांत मागासलेली मुले म्हणून त्यांचा उल्लेख सरकारी अहवालांत होई. त्यांच्याच नातवंडांनी गेल्या दशकभरात सोळाव्या वर्षीच्या परीक्षांत गोऱ्या ब्रिटिश मुलांना मागे टाकले आहे. धर्म बदलला नाही, आईबापांची गरिबीही फारशी हटली नव्हती. पूर्व लंडनच्या शाळांवर पैसा आणि लक्ष खर्च झाले आणि शेजारी लंडनसारखे शहर होते. ब्रॅडफर्डच्या मुलाला यांपैकी दुसरी गोष्ट लाभणे शक्य नव्हते. पहिली लाभू शकली असती.

याचा अर्थ मीरपुरी समाजाकडे दोष नाही असा करणे म्हणजे त्याची दया करणे होईल आणि दया हा तुच्छतेचाच एक प्रकार आहे. मुलामुलींची लग्ने मीरपूरच्या चुलत-मावस भावंडांशी लावण्याचा आग्रह त्या समाजाला फार महाग पडला. त्यामुळे दर पिढीत आई किंवा बाप नव्याने खेड्यातून आलेला राहिला आणि घरातील मुलाची शाळा पुन्हा पहिल्या इयत्तेपासून सुरू झाली. मुलींच्या शिक्षणाला आणि नोकरीला दीर्घकाळ विरोध झाला. बिरादरीच्या पुढाऱ्यांनी मतांचे गठ्ठे पक्षांना पुरविण्यात धन्यता मानली. १९८५ मध्ये मीरपूरहून आलेले मोहम्मद अजीब ब्रॅडफर्डचे लॉर्ड मेयर झाले. ब्रिटनमधील ते पहिले आशियाई लॉर्ड मेयर. त्यानंतर चार वर्षांतच, जानेवारी १९८९ मध्ये, त्या शहरात सलमान रश्दींच्या कादंबरीची जाहीर होळी झाली आणि जगाच्या लक्षात राहिली ती होळी. २००१ च्या दंगलींनी उरलेली कसर भरून काढली.

लेस्टरच्या यशकथेतील वजाबाकीही मांडावयास हवी. कंपालात ज्याचे स्वतःचे दुकान होते, असा माणूस लेस्टरमध्ये मोजणीदार म्हणून यंत्रापुढे उभा राहिला. १९७४ मध्ये तेथील इंपीरियल टाइपरायटरच्या कारखान्यात आशियाई कामगारांनी गोऱ्यांइतक्या मोबदल्यासाठी संप केला, तेव्हा कामगार संघटना त्यांच्या पाठीशी उभी राहिली नाही. ग्रनविकच्या छायाचित्रण प्रयोगशाळेत जयाबेन देसाईंनी १९७६ पासून जवळजवळ दोन वर्षे लढा दिला आणि तो हरला. या गुजराती स्त्रीचे नाव भारतीयांच्या उत्कर्षाची भाषणे करणाऱ्यांच्या तोंडी क्वचित येते; बहुधा तिने दुकान काढले नाही म्हणून. अलीकडची गोष्ट सांगावयाची तर २०२० मध्ये याच लेस्टरमधील शिलाई कारखान्यांत कायदेशीर किमान वेतनाच्या निम्म्याहून कमी पैशांत बाया-बापड्यांना राबविले जात असल्याचे उघड झाले. मालक आणि मजूर दोन्हीही बरेचसे आशियाई. २०२२ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तेथील हिंदू आणि मुसलमान तरुण रस्त्यावर एकमेकांसमोर आले. सलोख्याचा आदर्श म्हणून पन्नास वर्षे मिरविलेल्या शहराची ही अवस्था पाहून ज्यांना धक्का बसला, त्यांनी बेलग्रेव्ह रोडवरील दिवाळीची रोषणाईच तेवढी पाहिली असली पाहिजे.

इकडे मंगला धरणाची भिंत आणखी सुमारे ३० फूट उंच करण्यात आली. ते काम २००९ मध्ये पुरे झाले आणि हजारो माणसे पुन्हा एकदा उठली. या वेळी त्यांच्यासाठी यॉर्कशरमध्ये रात्रपाळी नव्हती. ब्रिटनमध्ये राहणाऱ्याने परदेशातून पती किंवा पत्नी आणावयाची तर स्वतःचे उत्पन्न वर्षाला किमान १८,६०० पौंड असले पाहिजे, असा नियम २०१२ मध्ये झाला. एप्रिल २०२४ मध्ये ती मर्यादा २९ हजारांवर गेली. ब्रॅडफर्डच्या टॅक्सीवाल्याला तेवढी मिळकत दाखविणे अवघड जाते. हिवाळ्यात जलाशयाचे पाणी ओसरले की जुन्या मीरपूरच्या देवळांची शिखरे आणि दर्ग्यांच्या भिंती वर येतात, तेव्हा सुटीवर आलेली ब्रॅडफर्डची कुटुंबे त्या पाहण्यासाठी काठावर जमतात.