खाजणाला पडीक म्हणणारे कोण?



मागं आमच्या गावी, रत्नागिरीच्या बाजूला, एका कचेरीतले साहेब मोजणीचे कागद घेऊन आले. देवळापुढं माणसं जमवली आणि विचारलं, "समुद्र कुठपर्यंत येतो?" सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागले. शेवटी एक म्हातारा म्हणाला, "कधीचा इचारता, सायब? उधाणाचा का भांगाचा?" साहेबांना वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. त्यांनी कागदावर एक रेघ मारली, चहा घेतला आणि जीपगाडीतून निघून गेले.

म्हातारा थट्टा करीत नव्हता. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास पाणी जास्तीत जास्त वर चढतं आणि तितकंच लांब मागं हटतं, ते उधाण. अष्टमीच्या सुमारास चढणं-उतरणं दोन्ही बेताचं, तो भांग. दर्यावर पोट असलेला माणूस तिथीची पाऊणपट करतो आणि भरती किती वाजता पुरी होणार ते ढोबळमानानं सांगून मोकळा होतो. अष्टमी असेल तर सहा. घड्याळ नाही, पुस्तक नाही.

आता गंमत ऐका. केंद्र सरकारनं १९९१ साली किनाऱ्याच्या बंदोबस्ताची अधिसूचना काढली. भरतीच्या रेषेपासून आत ५०० मीटरपर्यंत काय बांधावं, काय बांधू नये, ते तीत ठरवलं. ही भरतीची रेषा कोणती? तर उधाणाची सर्वांत मोठी भरती जिथं पोचते ती. म्हणजे म्हाताऱ्यानं विचारलं तेच कायद्यात लिहिलेलं होतं! कायदा साहेबांच्या पिशवीत होता, अर्थ म्हाताऱ्याच्या तोंडात होता, आणि दोघांची गाठ पडली नाही. चुकलेल्या रेघेपायी कुणाची होडी ओढायची जागा जाते, कुणाची मासळी वाळवायची जागा जाते. शब्दाचा प्रश्न हा असा भाकरीचा प्रश्न आहे.

मी चौथी शिकलेला माणूस. मला व्याकरणातलं कळत नाही. पण "समुद्रकिनारा" हा एकच शब्द सगळीकडं ठोकून दिला की माझं डोकं फिरतं. आमच्या गिरणीत ताणा आणि बाणा यांना नुसतं "सूत" म्हणणारा जॉबर कुणी ठेवील काय? मग किनाऱ्यावरच तेवढं सगळं एक कसं? वाळूचा पसरट किनारा ती पुळण. गणपतीपुळ्याचं नाव त्यावरूनच पडलं म्हणतात. ही पुळण पावसाळ्यात लाटा ओढून नेतात आणि पाऊस सरल्यावर वाळू पुन्हा भरून येते. सुकतीला उघडा पडणारा खडक तो खडप. पाण्यात शिरलेली वाळूची चिंचोळी पट्टी तो दांडा, खाडीच्या पोटातलं बेट ते जुवं, आणि किनाऱ्याच्या डोक्यावरचं कातळाचं माळ तो सडा. माझी आई सुकतीला खडपात कालवं फोडायला जायची आणि हात रक्तबंबाळ करून यायची. तिला कुणी "समुद्रकिनारी फिरायला गेली होती" म्हटलं असतं, तर तिनं त्याच्या टाळक्यात टोपली घातली असती.

पण माझं खरं भांडण खाजणावरून आहे. खाडीच्या काठचा चिखल, ज्यावर दिवसातून दोनदा खारं पाणी येतं-जातं आणि तिवर, कांदळ, चिपी उगवते, ते खाजण. तिथं मासळीची पिल्लं वाढतात. बायका मुळे, तिसऱ्या काढतात. वरून आलेलं पुराचं पाणी तिथं पसरतं, खालून आलेली लाट तिथं मोडते. आणि सरकारच्या पडीक जमिनींच्या नकाशांत दलदलीची जमीन हा पडीक जमिनीचाच एक प्रकार धरलेला आहे! एकदा पडीक म्हटलं की भराव घालायला कुणाची परवानगी विचारायची? २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा मिठीच्या काठची बुजवलेली "पडीक" जमीन काय कामाची होती, ते कुर्ल्याच्या चाळीतल्या माणसाला विचारा. त्याच वर्षी ऑक्टोबरात मुंबईच्या हायकोर्टानं राज्यभर खारफुटी तोडायला मनाई केली. कोर्टाला कळलं ते चांगलंच झालं. पण आमच्या आयाबायांना ते आधीपासून ठाऊक होतं.

खाजणाच्या पुढची पायरी खार. माणसांनी खाडीला मातीदगडाचा बांध घालून, आतला खारटपणा पावसाच्या पाण्यानं धुऊन, राता भात पिकवायला काढलेली जमीन. बांधात एक दार असतं, ते उघाडी. ओहोटीला उघडतं आणि आतलं पाणी जाऊ देतं. भरतीला बाहेरच्या पाण्याच्या रेट्यानं आपोआप बंद होतं. बांध फुटला तर खांड पडली म्हणतात, आणि शिरलेलं खारं पाणी पुढच्या हंगामांचं पीकसुद्धा मारतं. गोव्यात अशा बांधलेल्या शेतीलाच खाजन म्हणतात, आणि दाराला मानस. खाडी बदलते तसा शब्द बदलतो, राबणारे हात तेच.

या खारीसाठी रक्त आटवलेलं आहे. अलिबागजवळ चरीच्या कुळांनी नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली १९३३ ते १९३९ संप केला. सहा वर्षं खोताची जमीन कसली नाही. संप म्हणजे काय, हे गिरणगावाला शिकवावं लागत नाही, पण सहा वर्षांचा संप ऐकून आपणही टोपी काढावी. डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचं बिल आणलं.

मुंबईतही हे शब्द अजून आहेत, फक्त समुद्र तिथून उठून गेला. उमरखाडीत खाडी नाही. पायधुणीला पाय धुवायला पाणी नाही, पण कधीकाळी चिखलातून आलेली माणसं तिथं पाय धूत. वाळकेश्वरात वाळू नाही. सात बेटं बुजवून एक केली आणि नावं तेवढी पाट्यांवर राहिली.

कुणी पंडित म्हणतील, हे शब्द तरी शुद्ध कुठं आहेत? बंदर आणि दर्या फारशी, जंजिरा अरबी. बरोबर आहे. गलबतावरनं माल येतो तसे शब्द आले, आणि कोळ्यानं, खलाशानं ते आपले करून घेतले. आम्हाला त्यांची लाज नाही. लाज वाटते ती उधाण आणि भांग यांतला फरक न विचारता मारलेल्या रेघेची.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच. किनाऱ्याचा नकाशा मराठीत काढा आणि त्यावर पुळण, खडप, खाजण, खार ही नावं लिहा. तो गावात वाचून दाखवा आणि मगच सह्या घ्या. आणि पुढच्या मोजणीला साहेबांनी अमावास्येला यावं, पाणी पुरं चढेस्तोवर थांबावं. चहा आम्ही देऊ.